बल्लवाचार्यांचा तोरा

नाशिकरोड मागे टाकून ओढ्याच्या दिशेने निघाले म्हणजे ज्या गावाची ओळख देवळाच्या कळसाआधी औष्णिक विद्युत केंद्राच्या धुरांड्यांवरून पटते, त्या गोदाकाठच्या एकलहऱ्यात १९७० च्या सुमारास पहिला संच सुरू झाला, १९७९ ते १९८१ या अवधीत २१० मेगावॅटचे आणखी तीन संच आले, आणि बदलीच्या हुकुमांसरशी कोराडी, परळी, भुसावळ येथून इतके कुटुंबकबिले वसाहतीत येऊन राहिले, की एकाच जिन्याने चढताना खाली खानदेशी भरिताचा, मधल्या मजल्यावर वैदर्भी पाटवडीच्या रश्श्याचा आणि वर नाशिकच्या काळ्या मसाल्याचा, असे तीन वास ओलांडून जावे लागणे ही तेथील नित्याची गोष्ट होऊन बसली. अशा वस्तीत जिभेवरून मतभेद होणे स्वाभाविकच. परंतु ज्या मतभेदाचे हे टिपण आहे तो जिभेवरून निघून नाट्यशास्त्रापर्यंत गेला, म्हणून लिहून ठेवण्याजोगा वाटला.

नाना बॉयलरच्या देखभाल विभागातून निवृत्त झालेले. वीज कंपन्यांच्या नाट्यस्पर्धांसाठी संहिता लिहिण्यात त्यांची अर्धी हयात गेली, आणि नाशकात राहून प्रेमाविषयी विनोदी नाटक लिहू पाहणाऱ्याने वसंत कानेटकरांच्या १९६१ च्या ‘प्रेमा तुझा रंग कसा?’ला मनोमन मुजरा केल्यावाचून लेखणी उचलू नये, अशी त्यांची धारणा. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी प्रशिक्षणार्थी अभियंत्यांसाठी बरीच वर्षे घरगुती खानावळ चालवलेली. नानांनी त्यांचे मत मागितले नव्हते. परंतु नव्या नाटकाची वही त्यांच्या हाती लागली, आणि पहिला अंक वाचून होताच त्या वर आल्या.

नाना : माझा नायक आपल्या केंद्राच्या उपाहारगृहाचा मुख्य आचारी आहे. अडीचशेहून अधिक कामगार जेथे राबतात त्या कारखान्यात उपाहारगृह असावे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती. परंतु तेथील आमटीस चव असावी असे त्याचे कोणतेही कलम सांगत नव्हते, आणि जी गोष्ट कायद्याने मिळत नाही ती स्वतःच्या हातगुणाने देणाऱ्या मनुष्याने थोडा तोरा मिरवला, तर तो त्याचा हक्कच होय, अशी माझी भूमिका आहे. हा मनुष्य टेबलावर मिठाची बाटली ठेवू देत नाही. मुख्य अभियंता चाखून पाहण्यापूर्वीच रश्श्यावर लिंबू पिळतात, तेव्हा तो त्यांच्या पुढ्यातील ताट उचलतो आणि विचारतो, ‘साहेब, आपल्या नियंत्रण कक्षात येऊन मी कधी बटणे दाबली आहेत काय?’ या प्रसंगास टाळ्या पडतील.

वहिनी : पडतील. पण कशासाठी पडतील, याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. याच वसाहतीत एखाद्या बाईनं पाहुण्याच्या पुढ्यातलं ताट असं उचललं असतं, तर तिच्या माहेराचा उद्धार संध्याकाळच्या आत शेवटच्या इमारतीपर्यंत पोचला असता. रोज दोन वेळा, सणावारी पुरणावरणाचं, आजारपणात पथ्याचं निराळं, असं जन्मभर रांधणारीनं ‘मला उत्तम रांधता येतं’ एवढं म्हटलं तरी ती शेफारली. आणि पगार घेऊन रांधणारा पुरुष साहेबाचं ताट उचलतो तो नायक! आपल्याकडे स्वयंपाकघरातला पुरुष हा पाहुणा असतो, नाना, आणि पाहुण्याचे नखरे गोड मानून घेण्याची आपल्याला सवय लागलेली आहे. तुमच्या आचाऱ्याच्या मोहकपणातला निम्मा भाग तुम्ही लिहिलेलाच नाही. तो तुम्हाला आयता मिळाला आहे.

नाना : हा आक्षेप समाजावर आहे, माझ्या संहितेवर नव्हे. शिवाय रांधणारा पुरुष आपल्या परंपरेस नवखा नाही. सरदारांचे मुदपाकखाने पुरुषांच्या हाती होते, लग्नकार्यातला आचारी पुरुषच असे, आणि या सर्वांचा मूळपुरुष भीम होय. अज्ञातवासात तो बल्लव या नावाने विराटाच्या दरबारी गेला तो हातात पळी आणि उपसलेली तलवार घेऊन, आणि नोकरी मागतानाच त्याने बजावले की उत्तमोत्तम सार मला करता येते, शिवाय बळात आणि कुस्तीत माझ्या तोडीचा कोणी नाही. नोकरीचा अर्ज आणि आव्हान ही एकाच श्वासात उच्चारण्याची ही जी ऐट, तीच माझ्या नायकास हवी आहे. आपल्या शास्त्रकारांनी नायकाचे धीरोद्धत आणि धीरललित असे वेगळे प्रकार सांगितले. उद्धताने लढावे, ललिताने प्रेम करावे. मला हे दोघे एकाच देहात, एकाच चुलीपुढे उभे करायचे आहेत.

वहिनी : भीमाचा तोरा मलाही आवडतो, पण कीचकानं छळलेली द्रौपदी त्या रात्री दाद मागायला पाकशाळेतच आली, म्हणून. थोरले धर्मराज त्याच राजवाड्यात फासे टाकीत होते. तिकडे ती गेली नाही. ज्याचा गर्व दुसऱ्याच्या अडचणीला उपयोगी पडतो त्याचा गर्व माणसं सोसतात. तुमच्या आचाऱ्याचा कोणाला काय उपयोग, ते मला पहिल्या अंकात दिसत नाही.

नानांनी येथे वही मिटली. परंतु पराभव मान्य करण्याची त्यांची पद्धत म्हणजे नवे उदाहरण देणे ही असल्यामुळे त्यांनी २००७ च्या ‘चीनी कम’ या हिंदी चित्रपटाकडे मोर्चा वळवला. प्रेमविनोदाच्या दालनात उद्धट बल्लवाची जी थोडीबहुत रूपे आपल्या प्रेक्षकांनी पाहिली, त्यांत हे ठळक आहे, हे निर्विवाद. १९७२ च्या ‘बावर्ची’मधील राजेश खन्नाचा रघू वरवर नम्र, मनाने सर्वज्ञ, आणि दुसऱ्यांचे विवाह जुळवून स्वतः मोकळा राहणारा, त्याला उद्धट म्हणता येत नाही आणि प्रियकरही म्हणता येत नाही.

नाना : ‘चीनी कम’मधील बुद्धदेव गुप्ता पहा. वय चौसष्ट, लंडनमधील उपाहारगृहाचा मालक आणि बल्लव, आणि जगातील सर्वोत्तम भारतीय अन्न आपल्याच भटारखान्यात शिजते याविषयी निःशंक. तब्बूने रंगवलेली नीना जाफरानी पुलाव परत पाठवते. तो बाहेर येऊन तिला चारचौघांत पाककलेवर प्रवचन ऐकवतो. ती अवाक्षर न बोलता निघून जाते, आणि मग स्वतः रांधलेला पुलाव त्याच्याकडे धाडते. तो चाखतो, चकित होतो, आणि चौकशीअंती उघड होते की त्याच्याच एका स्वयंपाक्याने पुलावात मिठाऐवजी साखर घातली होती. गर्विष्ठाचा पराभव त्याच्याच क्षेत्रात, त्याच्याच भांड्यात, त्याच्याच जिभेच्या साक्षीने व्हावा, यापरते नाट्य कोणते? माझ्या दुसऱ्या अंकात मी हीच योजना, अर्थात स्वतंत्रपणे, केली आहे. नायिका केंद्राच्या प्रयोगशाळेत रसायनज्ञ आहे. वाफेतील सिलिका अब्ज भागांत वीस भागांपलीकडे गेली तर ती टर्बाईनच्या पात्यांवर जाऊन बसते, म्हणून पाण्याचा आणि वाफेचा कस रोज पाहणारी ही मुलगी नायकाच्या रश्श्याचा घास घेताच सांगते की मसाल्यातले सुके खोबरे खवट आहे. तो संतापतो, आणि पुढील प्रवेशात ती स्वतः मसाला भाजून, वाटून, रस्सा करून त्याच्यापुढे ठेवते.

वहिनी : का?

नाना : का म्हणजे? आपले म्हणणे सिद्ध करण्याकरिता.

वहिनी : हेच मला ‘चीनी कम’मध्येही खटकलं होतं. खोबरं खवट आहे हे कळायला जीभ लागते; रस्सा करता यावा लागत नाही. मुख्य अभियंत्यांना तुमचा नायक म्हणाला की मी तुमची बटणं दाबत नाही; मग या मुलीनं त्याची कढई का चढवावी? जेवणारीची जीभ हा पुरावा अपुरा, ती चुलीपाशी जाऊन आली म्हणजे मगच ग्राह्य, हा न्याय कुठला? परीक्षेला बसवायचंच तर त्याला बसवा. तिनं तिच्या रीतीनं लिहावं: नमुना क्रमांक अमुक, दिनांक अमुक, वास खवट, निष्कर्ष अग्राह्य, खाली सही. आणि तो कागद त्याच्या फळ्यावर टाचणीनं लावून कामावर निघून जावं.

नाना काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाणारे होते, आणि तरीही ते सांगण्यावाचून त्यांना राहवले नाही, यावरून त्यांची जात कळते.

नाना : दुर्दैवाने भरतमुनी आपल्या बाजूचे आहेत, वहिनी. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना त्यांनी दृष्टांत घेतला तो भोजनाचाच: नाना व्यंजनांनी सिद्ध केलेले अन्न सेवन करणारे सुमनस्क पुरुष ज्याप्रमाणे त्यातील रसांचा आस्वाद घेतात आणि हर्ष पावतात, त्याप्रमाणे सुमनस्क प्रेक्षक स्थायी भावांचा आस्वाद घेतात. तेथे आचाऱ्याचे नावही नाही. समग्र रससिद्धांत जेवणाऱ्याच्या जिभेवर उभा आहे.

वहिनी : पुरुष म्हणाले ना, ते ‘सुमनस्क पुरुष’? असो, तेवढं मी सोडून देते. पण मग पहिल्या अंकात तुम्ही नायिका आणलीच नाहीत, हे मुनींच्या विरुद्ध झालं. आचारी लिहायचा तर आधी जेवणारी लिहावी. माझ्या खानावळीत बारा-पंधरा मुलं जेवायला असत, आणि मी काही कमी फणकाऱ्याची नव्हते. कोणी ‘काकू, आज जरा तिखट’ म्हणालं तर ‘मग उद्यापासून घरी जेवा’ असं तोंडावर सांगत असे. पण सगळी उठून गेली की मी ताटं बघायची. खानावळ चालवणारी बाई तोंडं बघत नाही, ताटं बघते. तोंडं खोटं बोलतात. कोणी भेंडी कडेला सारली, कोणी कोशिंबिरीला हात लावला नाही, कोणी तीन दिवस नुसता भात खाल्ला म्हणजे त्याच्या घरून पत्र आलेलं नाही, हे सारं ताटात लिहिलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या वाटीत मी न बोलता पिठलं वाढायची, आणि वर ‘उरलं होतं म्हणून वाढलं’ असं ठणकावून सांगायची. तुमचा आचारी मुख्य अभियंत्याचं ताट उचलतो ते लोकांना दिसावं म्हणून. एकदा तरी त्याला भांडी घासायच्या जागी एकटा उभा करा, आणि उष्टी ताटं बघू द्या. मग त्याचा तोरा मी सोसीन.

या ठिकाणी या टिपणाच्या लेखकाने आपली बाजू सांगून टाकावी हे बरे. रांधणाऱ्याचा अभिमान हा सर्व अभिमानांत सर्वाधिक परावलंबी होय: मूर्तिकार मूर्ती घडवून शंभर वर्षांनंतरच्या रसिकाची वाट पाहू शकतो, ग्रंथकार आपल्या काळास अडाणी म्हणून मोकळा होऊ शकतो, पण भाकरी गार होण्याच्या आत तिला जी दाद मिळायची ती मिळाली नाही तर तिचा दुसरा निवाडा कोणत्याही न्यायासनापुढे होत नाही, आणि म्हणूनच बल्लवाच्या गर्जनेखाली, प्रत्येक पंगतीगणिक नव्याने, एक धाकधूक असते. नानांच्या नायकाच्या तोंडी गर्जना पुष्कळ होती. धाकधूक नव्हती.

नाना : ताटे पाहणारा आचारी मला मान्य आहे, किंबहुना तो प्रसंग रात्रपाळीच्या चहानंतर, पहाटे तीनच्या सुमारास घालावा असे आताच मनात आले. परंतु आपण त्याला सज्जन करून टाकीत आहात, आणि सज्जन मनुष्यावर विनोदी नाटक उभे राहत नाही. ज्याचा गर्व कोणालाच टोचत नाही तो गर्व नव्हे, ती केवळ भाषाशैली झाली. ‘ती फुलराणी’तला प्राध्यापक आठवा. १९७५ पासून महाराष्ट्र त्याच्यावर लोभ करीत आला आहे, आणि तो काही भल्या वर्तणुकीचा मनुष्य नव्हे. तो त्या मुलीशी खरोखरच वाईट वागतो, आणि तसा वागतो म्हणूनच तिच्या संतापाला धार येते. माझ्या नायकाने नायिकेवर अन्याय केलाच पाहिजे, आणि तो अन्याय करताना तो बरोबर आहे असे प्रेक्षकांस क्षणभर वाटलेही पाहिजे.

वहिनी : हे खरं आहे. हे मी मान्य करते.

नाना : मान्य?

वहिनी : नायिकेपुरतं. ती पदवीधर आहे, पगारदार आहे, उलट उत्तर देऊ शकते. तिच्यावर त्यानं ओरडावं, आणि त्याचं माप पदरात घ्यावं. पण तुमच्या वहीत पान सतरावर तो कांदे चिरणाऱ्या पोरावर झारा उगारतो, आणि कंसात ‘हशा’ असं लिहिलेलं आहे. तिथं मी हसणार नाही. तो पोरगा कंत्राटदाराचा माणूस. तो उलट काय बोलणार? वरच्यावर उगारलेला तोरा हा तोरा, खालच्यावर उगारलेला तो नुसता जुलूम.

नाना : जगातील थोर भटारखाने याच शिस्तीवर चालतात. एस्कॉफिए या फ्रेंच बल्लवाचार्याने लष्करी उतरंडीच्या धर्तीवर मुदपाकखान्याची रचना बसवली, आणि आज दूरचित्रवाणीवर गॉर्डन रॅमसे यांचे शिव्याशाप ऐकण्याकरिता लोक मुद्दाम बसतात.

वहिनी : लोक लग्नातली भांडणंही मुद्दाम ऐकतात. त्यावरून भांडकुदळ माणूस जावई करून घेत नाहीत.

या टोल्यानंतर चहा झाला, आणि चहाबरोबर वहिनींनी आपले खरे अस्त्र काढले. २०१८ चा सचिन कुंडलकरांचा ‘गुलाबजाम’ त्यांनी पाहिला होता. त्यात लंडनमधील बँकेची नोकरी टाकून मराठी स्वयंपाक शिकण्याकरिता पुण्यास आलेला तरुण, आणि डबे करून देणारी, कोणासही जवळ न करणारी, तुटक बोलणारी राधा, ही जोडी आहे. आणि सोनाली कुलकर्णी यांनी उभी केलेली ही राधा नानांना हव्या असलेल्या सर्व गुणावगुणांनी युक्त आहे, एवढेच की ती बाई आहे.

वहिनी : तिच्या दारी तो शिकायला येतो, आणि ती त्याला सहजासहजी उभं करत नाही. चित्रपटगृहात माझ्या शेजारची बाई कुजबुजली, ‘किती खाष्ट आहे!’ तुमच्या नायकाला तीच बाई ‘किती रुबाबदार’ म्हणेल. म्हणून माझं मागणं असं की आचारी बाई करा आणि रसायनज्ञ पुरुष करा, एकही संवाद न बदलता. आणि तालमीत बघा, कोणती वाक्यं मोहक राहतात आणि कोणती राहत नाहीत. जी राहणार नाहीत ती मुळातच मोहक नव्हती.

हा प्रयोग नानांनी त्याच बैठकीत, नायकाची वाक्ये वहिनींच्या तोंडी देऊन केला. ताट उचलण्याचा प्रसंग वहिनींच्या मुखी अधिकच खुलला, हे दोघांनाही अनपेक्षित होते. नायिकेच्या रूपावरून केलेल्या दोन कोट्या एका पुरुष रसायनज्ञास उद्देशून म्हणताच निव्वळ पोरकट ठरल्या, आणि नानांनी त्या कोणतीही हुज्जत न घालता खोडल्या. झाऱ्याचा प्रसंग मात्र त्यांनी खोडला नाही. समासात केवळ प्रश्नचिन्ह केले.

नाना : आता माझा हुकमी एक्का ऐका. आपण म्हणता आधी जेवणारी लिहावी. नळाचे आख्यान काय सांगते? द्यूतात राज्य गेलेला, कर्कोटकाच्या दंशाने कुरूप झालेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्णाकडे सारथी आणि स्वयंपाकी म्हणून राहतो. स्वयंवराच्या वेळी देवांनी त्याला जे वर दिले, त्यांत अग्नी इच्छेसरशी प्रकटावा, पाणी इच्छेसरशी यावे, आणि अन्नात रस उतरावा, हे होते. आणि तो अन्नरसाचा वर साक्षात यमाने दिला, हे विशेष. दमयंतीची दासी केशिनी येऊन पाहते तो याच्या दृष्टिक्षेपाने रिकामी भांडी पाण्याने भरतात आणि हातातले गवत आपोआप पेट घेते...

वहिनी : अग्नी आणि पाणी दोन्ही वश असलेल्या माणसाला आपल्या एकलहऱ्यात बॉयलर विभागाचा प्रमुख म्हणतात. तुम्ही स्वतःचं चरित्र सांगताय की काय?

नाना : ...आणि अखेर दमयंती त्याने शिजवलेले मांस मागवून चाखते, आणि चेहरा पालटलेला, देह पालटलेला असताही, हा नळच, हे ओळखते. येथे तिला रांधावे लागले नाही. तिने फक्त घास घेतला. तेव्हा नायिकेचा कागद मी स्वीकारतो. ती रस्सा करणार नाही. ती रोज एक नमुना तपासील, रोज एक अहवाल फळ्यावर लावील, आणि तो त्याची उत्तरे दुसऱ्या दिवशीच्या पदार्थांच्या यादीत देईल. ‘खोबरे बदलले. तक्रारदाराने पुनश्च चाखावे.’ यापेक्षा अधिक प्रेमपत्र या मनुष्याच्या हातून लिहिले जाणार नाही, आणि लिहिले गेले तर तो हा मनुष्य राहणार नाही.

वहिनी : खोबरं स्वस्तातलं आणलं कोणी?

नाना : कंत्राटदाराने. नायकाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

वहिनी : ठाऊक असून त्यानं वापरलं? आणि मिठाची बाटली ठेवू देत नाही? मग तुमचं नाटक तिथं आहे, नाना, खोबऱ्यात. एवढा गर्विष्ठ माणूस एका ठिकाणी मुकाट्यानं मान तुकवतो, आणि ती जागा या मुलीच्या जिभेला सापडते. तो तिच्यावर ओरडतो तो ती चुकली म्हणून नव्हे. ती बरोबर आहे हे त्याला एकट्यालाच माहीत आहे, म्हणून.

हे ऐकून नानांनी वही उघडली आणि बराच वेळ लिहीत राहिले. पुढे तिसऱ्या अंकाविषयी जी चर्चा झाली तीत निकाल लागला नाही. नायकाने भर उपाहारगृहात माफी मागावी असे नानांचे मत. माफी बोलून दाखवणारा आचारी वहिनींना पटेना, कंत्राटदाराशी भांडून त्याने नव्या खोबऱ्याची रीतसर मागणी नोंदवावी एवढे त्यांना पुरेसे होते. विवाहाचा प्रसंग रंगमंचावर दाखवावा की नाही, यावर तर दोघांचे सूर चढले.

नाना : दाखवावाच लागेल. स्वतःच्या लग्नात दुसऱ्याच्या हातचे जेवण वऱ्हाडाने जेवावे हे या मनुष्यास सहन होणे शक्य नाही. तो अंतरपाट धरलेला असताना तेथून उठून भटारखान्यात जातो, मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत आमटीची फोडणी करतो...

वहिनी : मुळीच नाही. आचारी नायिकेनं ठरवावा. तिच्या पसंतीचा, परगावचा. आणि या नवरदेवानं पंगतीत बसून, वाढलेलं सगळं, एक अक्षर न बोलता जेवावं.

नाना : नाट्यदृष्ट्या ही शिक्षा अपराधाच्या मानाने फार आहे.

वहिनी : बरं, मठ्ठ्याविषयी बोलू द्या त्याला. पण हात धुऊन झाल्यावर.